फुकटची दारू कोणाच्या खिशातून येते? व्हीआयपी क्लब, बायका आणि अ‍ॅशली मिअर्सचं संशोधन

नदीकाठ

गुरुवार आला की इन्स्टावर पुण्या-मुंबईतल्या क्लबांच्या स्टोऱ्या सुरू होतात. लेडीज नाइट, फ्री एंट्री, अकरापर्यंत अनलिमिटेड कॉकटेल्स, आणि खाली बारीक अक्षरात स्टॅग्ज नॉट अलाउड, म्हणजे सोबत बाई नसलेल्या पुरुषांना प्रवेश नाही. ह्यावर लोकांच्या ठरलेल्या दोन प्रतिक्रिया असतात, बायकांची काय मजा आहे नाहीतर मग संस्कृती कशी बुडाली. मला दोन्हीत रस नाही. क्लबवाला धंदा करायला बसलाय, तो कोणाला फुकट पाजत असेल तर ते पैसे दुसरीकडून वसूल होत असणार, ते कुठून होतात आणि त्या फुकट पिणाऱ्या मुलीचा त्यात नक्की काय वाटा असतो हे मला कळून घ्यायचं होतं. त्याचं सगळ्यात नीट उत्तर मिळालं ते अ‍ॅशली मिअर्स ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंच्या कामात.

मिअर्स हे काम करत होत्या तेव्हा बॉस्टन युनिव्हर्सिटीत शिकवायच्या. आधी स्वतः मॉडेलिंग केलेलं, आणि त्या धंद्यावरचं त्यांचं पहिलं पुस्तक २०११ साली आलं. त्यानंतर त्या न्यूयॉर्कच्या व्हीआयपी क्लबांमध्ये शिरल्या, तिथून मायामी, हॅम्प्टन्स (न्यूयॉर्कजवळचं श्रीमंतांचं सुट्टीचं ठिकाण) आणि फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत ह्या लोकांच्या मागे गेल्या. २०११ ते २०१३ मधलं हे फील्डवर्क. २०१५ मध्ये त्यावर अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू ह्या नियतकालिकात लेख आला आणि २०२० मध्ये पुस्तक. बाहेर बसून प्रश्नावल्या भरून घेण्यातला प्रकार नाही, हील्स घालून त्या स्वतः त्या टेबलावर बसल्या, तेव्हा वय तिशीच्या पुढे होतं पण दिसायला चालून गेल्या, आणि आपण अभ्यास करतोय हे प्रमोटर लोकांना सांगून बसल्या.

रात्र कशी चालते बघा. एक प्रमोटर असतो, बहुतेक वेळा पुरुष. क्लब त्याला त्या रात्रीचे पैसे देतो आणि काही वेळा बाटल्यांच्या विक्रीवर टक्केवारी. त्याचं काम एकच, सुंदर मुली घेऊन येणं, आणि सुंदर म्हणजे कशा तर मॉडेल, उंच, सडपातळ, पाच फूट नऊ इंचाच्या आसपास, वर हील्स. साध्या दिसणाऱ्या मुलीला दारावरच परत पाठवतात. ह्या मुली मिळवायला प्रमोटर दिवसभर राबत असतो, सोहो भागात रस्त्यावर उभा राहून मॉडेल मुलींशी ओळखी काढतो, त्यांना कास्टिंगला गाडीने सोडतो, जेवायला नेतो, वाढदिवस लक्षात ठेवतो, दिवसभर मेसेज करत राहतो. रात्री दहाच्या सुमाराला एखाद्या महागड्या हॉटेलात सगळ्यांचं जेवण, तेही हॉटेलकडून फुकट कारण अशा मुली बसलेल्या दिसल्या की हॉटेलचा भाव वाढतो. बाराच्या सुमाराला क्लब. मग तीनपर्यंत टेबलाशी बसायचं, नाचायचं, हसायचं, प्यायचं. लवकर निघालं किंवा दुसऱ्या प्रमोटरच्या टेबलावर जाऊन बसलं तर हा रुसतो. काही मुलींना तर प्रमोटर राहायला जागा देतात, भाडं नाही, पण बदल्यात आठवड्यातल्या ठरावीक रात्री बाहेर यायचंच.

शेजारच्या टेबलावर ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप चाललाय तो गिऱ्हाईक बसलेला असतो, बरेचदा फायनान्सवाला. दुकानात ३०-४० डॉलरला मिळणारी व्होडकाची बाटली तो काही शे डॉलरला घेतो आणि शॅम्पेन हजारोंना. कोणी मोठी ऑर्डर दिली की अंधारात फुलबाज्या लावलेल्या बाटल्या डोक्यावर धरून वेट्रेसची रांग येते, म्युझिक बदलतं, सगळा क्लब त्या टेबलाकडे वळतो. सहा लिटरची बाटली असते, दोन हातांनी उचलावी लागते. त्यातली बरीचशी प्यायली जातच नाही, हवेत उडवतात, ग्लासात तशीच राहते. आणि हेच गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी मिअर्सबाईंशी बोलताना म्हणतात की हा सगळा मूर्खपणा आहे, असे पैसे उधळणारे ते दुसरे, मी नाही.

आता हिशोब. क्लबला नफा. प्रमोटरला रात्रीचे पैसे. गिऱ्हाइकाला मान आणि त्याच्या वर्तुळात चार नव्या ओळखी ज्या पुढे धंद्यात कामाला येतात. आणि मुलीला? दारू, जेवण, राइड, कधी सहलीचं तिकीट. रोख काही नाही. तिच्याशिवाय तो क्लब म्हणजे महाग दारूचं दुकान आहे, तरी तिचं नाव पगारपत्रकावर नाही. आणि मिअर्सनी विचारलं तर मुलींनाही पैसे नको होते, पैसे घेतले की ते काम होईल मग मजा कसली, शिवाय पैसे घेऊन येणाऱ्या मुलीकडे सगळे वेगळ्या नजरेने बघतात. मैत्री म्हणून बोलवायचं, भेट म्हणून पाजायचं, म्हणजे मजुरीचा प्रश्नच निघत नाही. मला ह्या संशोधनातला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बाईच्या सौंदर्याची किंमत शून्य नाहीये, भरपूर आहे, फक्त ती वसूल करणारा हात दुसऱ्याचा आहे.

अजून एक गोष्ट आणि मग थांबते. ज्या पुरुषांना टेबलावर ह्या मुली हव्या असतात तेच पुरुष त्यांना लग्नाच्या किंवा धंद्याच्या बाबतीत गंभीरपणे घेत नाहीत. पार्टीतली मुलगी, एवढाच शिक्का. तिचं वय वाढतं, प्रमोटरचे मेसेज कमी होतात. तिथे बसलेल्या पुरुषाच्या मात्र ओळखी वाढतच जातात. एकाच टेबलावर, एकाच रात्री.

आपल्याकडच्या लेडीज नाइटला हे कितपत लागू होतं, तुमचं काय मत, लिहा.

शब्दवेडी

वाचतेय. फार चांगला विषय.

ईशा_कोथरूड

नदीकाठ ताई लिहिलंय मस्त पण मी जाते लेडीज नाइटला आणि मला हे पटलं नाही पूर्ण. आम्ही पाच-सहा मैत्रिणी असतो, सगळ्या नोकरी करणाऱ्या, सुरुवातीचा पगार काय असतो तुम्हाला माहितीये, एका कॉकटेलला टॅक्स धरून सातशे-आठशे लागतात, आम्ही एरवी तिथे पाय ठेवू शकलो नसतो. लेडीज नाइटला आमच्यासारख्याच मुली जास्त असतात म्हणून सेफ वाटतं, बाथरूमच्या रांगेत अनोळखी मुली एकमेकींना पिना देतात चार्जर देतात, कोणी जास्त प्यायली असेल तर कॅबमध्ये बसवून नंबर लिहून घेतात. हे सगळं काय डिस्प्लेला ठेवलेला माल करतो का? आम्ही आमच्यासाठी जातो, कोणा अंकलच्या टेबलासाठी नाही. मुली काही करायला लागल्या की लगेच त्यांचा वापर होतोय असं म्हणायचं ह्याचा मला कंटाळा आलाय खरं सांगायचं तर, बाहेर पडलो तर बिघडलो म्हणणारे एकीकडे आणि बाहेर पडलो तर वापरले गेलो म्हणणारे दुसरीकडे, आम्ही नाचायचं कधी?

नदीकाठ

ईशा, तुझा राग बरोबर आहे आणि मिअर्स पण मुलींना बिचाऱ्या म्हणत नाहीत. त्यांनी स्पष्ट लिहिलंय की मुलींना मजा येते, एरवी न परवडणारं शहर बघायला मिळतं, बऱ्याच जणी नुकत्या शहरात आलेल्या, एकट्या, त्यांना तिथे मैत्री मिळते. मजा खरी आहे. पण मजा येणं आणि त्या मजेतून दुसऱ्याने पैसे कमावणं हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं ना. तुम्ही सहा जणी तिथे आहात म्हणून बाहेर दोन-तीन हजार कव्हर, म्हणजे प्रवेशाचे पैसे, भरून आत यायला तयार असलेली माणसं आहेत. तू नाचायला जा, जरूर जा, मी फक्त विचारतेय की गल्ल्यात जे जमतं ते कोणामुळे जमतं.

एकटा_जीव

कोणीतरी आमच्याबद्दल पण लिहा. मी ३४ वर्षांचा, लग्न नाही, आयटीत आहे, दारू बेताची घेतो, कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात. मित्रांबरोबर बाणेरला गेलो तर गेटवर बाउन्सर सांगतो सोबत लेडीज आणा. चार सुशिक्षित माणसं, पैसे द्यायला तयार, आणि रस्त्यावर उभी. शेवटी त्यातल्या एकाने ऑफिसमधल्या दोन जणींना फोन करून बोलावलं, त्या आल्या, आत गेलो, बिल अर्थात आम्हीच भरलं. म्हणजे आम्हाला गुन्हेगार समजायचं आणि पैसे पण आमच्याकडूनच घ्यायचे. हा भेदभाव नाही का?

नदीकाठ

भेदभाव आहेच. पण तुमच्याच प्रसंगात बघा, त्या दोघींना का बोलावलं, त्यांच्याशी गप्पा मारायच्या होत्या म्हणून की दार उघडावं म्हणून? त्या रात्रीपुरतं मिअर्सच्या प्रमोटरचं काम तुमच्या मित्राने केलं आणि तिकिटाचं काम त्या दोघींनी. नियम क्लबने केलाय, तुमच्यावर ढकलत नाहीये मी.

जर्सीकर

अमेरिकेतून थोडी भर. वर भेदभावाचा मुद्दा आलाय तर आमच्या न्यू जर्सीत २००४ साली ह्यावर निकालच लागला होता. चेरी हिलच्या एका रेस्टॉरंटच्या लेडीज नाइटविरुद्ध एका पुरुषाने तक्रार केली आणि राज्याच्या सिव्हिल राइट्स विभागाच्या संचालकांनी ठरवलं की बायकांना स्वस्तात पाजणं हा भेदभाव आहे. केवढा गदारोळ झाला होता, गव्हर्नरनेसुद्धा निकालावर टीका केली होती. त्याच्या कितीतरी आधी कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्ये कार वॉश आणि नाइटक्लबमधल्या लेडीज डे, लेडीज नाइटच्या सवलती बेकायदेशीर ठरवल्या होत्या. गंमत म्हणजे ह्या सगळ्या केसेसमध्ये प्रश्न पुरुषांना किती जास्त पैसे पडले एवढाच असतो. बाईला स्वस्तात आत घेऊन क्लब काय कमावतो हा प्रश्न कोर्टासमोर येत नाही कारण तक्रार करणारी बाई नसतेच.

मॅनहॅटनमध्ये ऑफिसच्या लोकांबरोबर अशा एका ठिकाणी जावं लागलं होतं. आमच्यात दोन देशी मुली, दोघी हुशार, दोघी सीनिअर. दारावरच्या माणसाने आमच्या बॉसला बाजूला घेऊन सांगितलं की टेबलाचं मिनिमम, म्हणजे कमीत कमी एवढा खर्च करायचाच ती रक्कम, वाढवावं लागेल, कारण काय तर ग्रुप. त्याने त्या दोघींकडे ज्या नजरेने बघितलं ते मी विसरलो नाहीये. मिअर्सनी लिहिलंय ना की त्या टेबलांवर बहुतेक गोऱ्या मुली असतात, अगदी तेच. म्हणजे बाई असून पुरत नाही, ठरावीक उंचीची ठरावीक रंगाची बाई पाहिजे. त्या दोघी नंतर कधीच आल्या नाहीत आमच्याबरोबर आणि बॉसची बरीचशी डील्स अशाच संध्याकाळी व्हायची.

आप्पा_सातारकर

चर्चा वाचली. मला प्रश्न पडतो की आपण दारूच्या टेबलावर बाईला किती वाटा मिळावा हे ठरवत बसलोय. आमच्या भागात बायकांनी आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दारूबंदीच्या बाजूने, मतदान केलं, गावातलं दुकान बंद पाडायला रात्री-अपरात्री मोर्चे काढले, नवऱ्याचा मार खाऊन दुसऱ्या दिवशी सहीला उभ्या राहिल्या. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे ती लोकांच्या आंदोलनातून आली. दारू आणि बाई म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर त्या येतात. न्यूयॉर्कच्या पाच फूट नऊ इंचाच्या मुली नाहीत. तुमच्या मिअर्सबाईंचा अभ्यास चांगला असेल, पण तो पैसेवाल्यांचा आहे.

नदीकाठ

आप्पा, तुमच्या म्हणण्याचा पूर्ण आदर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ वर्षांवरच्या पुरुषांत १९ टक्क्यांच्या आसपास दारू घेणारे आहेत आणि बायकांत जेमतेम १ टक्का. म्हणजे आपल्याकडे बहुसंख्य बायकांचा दारूशी संबंध तुम्ही म्हणता तसाच येतो, दुसऱ्याच्या पिण्याचे परिणाम भोगण्यापुरता. तरी पैसेवाल्यांचा अभ्यास करायलाच पाहिजे असं मला वाटतं. गरिबाच्या पिण्यावर अहवालांवर अहवाल निघतात, श्रीमंताच्या उधळपट्टीकडे कोणी वही घेऊन जात नाही कारण तिथे दारातच अडवतात. मिअर्सना जाता आलं ते त्यांच्या दिसण्यामुळे, हे त्यांनीच सांगितलंय.

ढोलकी

नदीकाठ, फुलबाज्यांची बाटली वाचताना मला थेट चौफुल्याची लावणीची थेटरं आठवली. संगीतबारीच्या थेटरात दौलतजादा बघितलीये का कोणी? फर्माईश करायची, नोट पुढे धरायची, नाचणारी बाई अदबीने येऊन घेऊन जाते, आणि एकाने शंभराची धरली की समोरच्या बैठकीतला पाचशेची धरणार. दोघांची नजर बाईवर कमी आणि एकमेकांवर जास्त. तिथे ऊस गेल्यावर बिल घेऊन आलेले बागायतदार असायचे, इथे बोनसवाले बँकर, प्रकार एकच. पण एक मोठा फरक आहे आणि तो तुमच्या मुद्द्याला धरून आहे. संगीतबारीत पार्टी बाईच्या नावाची असते, मालकीण बाई असते. थेटरमालक आपला हिस्सा घेतो, वाटणीत भांडणं होतात, शोषण नाही असं अजिबात म्हणणार नाही मी, कर्जात बुडालेल्या पार्ट्या बघितल्यात. तरी तिथे पैसा बाईच्या हातात पडतो आणि ती काम करतेय हे सगळ्यांना मान्य असतं. रियाज असतो, घुंगरू असतात, वाटणी असते. समाज तिला नावं ठेवतो ते वेगळं. न्यूयॉर्कच्या मुलीला नावं पण ठेवतात आणि नोट पण मिळत नाही.

नदीकाठ

ढोलकी, काय नेमकं लिहिलंत! मिअर्स ह्या उधळपट्टीची तुलना अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या आदिवासींच्या पॉटलॅचशी करतात, तिथे संपत्ती वाटून किंवा नष्ट करून प्रतिष्ठा मिळवायची पद्धत होती. आणि श्रीमंत लोक दाखवण्यासाठी खर्च करतात हे अर्थतज्ज्ञ व्हेब्लेनने १८९९ सालीच मांडलं होतं. मिअर्सची भर अशी की हा खर्च आपोआप होत नाही, तो घडवून आणावा लागतो, त्यामागे खूप माणसांची मेहनत असते आणि ती मेहनत लपवावी लागते, कारण उधळणाऱ्याला वाटलं पाहिजे की हे सहज, उत्स्फूर्त चाललंय.

कायद्याचं_बोला

दौलतजादा निघालीच आहे तर डान्सबारबद्दल बोललंच पाहिजे. २००५ मध्ये आर. आर. आबा गृहमंत्री असताना पोलीस कायद्यात ३३ अ कलम घालून डान्सबार बंद केले. त्या वेळी बारबालांचा आकडा ७५ हजार असा सांगितला जायचा. लगेच पुढचं कलम ३३ ब, त्यात थ्री स्टार आणि त्यावरच्या हॉटेलांना आणि जिमखान्यांना सूट! म्हणजे तोच नाच, तीच दारू, ग्लास महाग असेल तर चालेल. मुंबई हायकोर्टाने २००६ ला ही बंदी रद्द केली, सुप्रीम कोर्टाने जुलै २०१३ मध्ये तो निकाल कायम केला, समानतेचा आणि व्यवसायस्वातंत्र्याचा हक्क हेच दोन मोठे मुद्दे होते. मग २०१४ ला पुन्हा दुरुस्ती, २०१६ ला वेगळा कायदा, आणि १७ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने त्यातल्याही बऱ्याच अटी काढल्या. पण एक अट ठेवली, नोटा उधळायच्या नाहीत. टिप देता येईल, उधळता येणार नाही.

मधल्या त्या वर्षांत ज्या बायकांचं काम गेलं त्यांना कोणी विचारलं नाही. बारबालेचं काम हे काम आहे हे कोर्टाने मान्य केलं आणि सरकारला ते मान्य करायला एवढी वर्षं लागली. आणि आता ज्या क्लबात मुली फुकट बोलावतात तिथे परवान्याच्या दृष्टीने त्या फक्त ग्राहक. अवांतर: महाराष्ट्रात हार्ड लिकरसाठी २५ वर्षांची अट आहे. लेडीज नाइटच्या रांगेत विशी-बाविशीच्या किती मुली असतात बघा आणि त्या कॉकटेलमध्ये काय असतं तेही बघा. उद्या काही झालं तर पहिला प्रश्न विचारणार की ही तिथे का गेली होती.

ईशा_कोथरूड

हो आणि तो प्रश्न विचारणाऱ्यांत तिला फुकट बोलावणारा क्लब पण असतो हे लिहा ना. माझ्या मैत्रिणीला एका ठिकाणी एका ग्रुपने त्रास दिला, मॅनेजरकडे गेलो तर तो म्हणाला मॅडम ते रेग्युलर आहेत, तुम्ही दुसरीकडे बसा. टेबलाचे पैसे भरणारे ते, आम्ही फ्री लिस्टवाल्या. त्या दिवशी मला भयंकर संताप आला होता पण मी त्याचा फ्री एंट्रीशी संबंध जोडला नव्हता. तरी मी म्हणेन की जाणं बंद करायचं हा उपाय नाही, आम्ही घरी बसलो की प्रश्न मिटला असं सगळ्यांना वाटतं. आम्हाला आमच्या पैशात परवडेल अशी, रात्री उशिरापर्यंत उघडी, नीट दिवे असलेली जागा दाखवा, जाऊ तिकडे. चहाची टपरीसुद्धा दहाला बंद करायला लावतात पोलीस.

नदीकाठ

ईशा, हे तू फार महत्त्वाचं लिहिलंस. टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या शिल्पा फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत २००३ ते २००६ ह्या काळात बायका आणि सार्वजनिक जागा ह्यावर काम केलं त्यात हाच मुद्दा आहे, की बाईला शहरात असण्यासाठी सारखं कारण दाखवावं लागतं, एकतर कामाला चाललीये नाहीतर खरेदीला. मॉल, कॉफी शॉप, पब ह्या ठिकाणी मध्यमवर्गीय मुली दिसतात म्हणून शहर बायकांचं झालं असं होत नाही, तिथे पैसे खर्च करण्याच्या अटीवर शिरता येतं. लेडीज नाइटला तेवढीही अट नाही, तिथे दिसण्याची अट आहे.

नोंदवही

पुरुषांवरच्या संशोधनाबद्दल थोडं लिहितो कारण वर ढोलकी म्हणाले की नजर बाईवर कमी आणि एकमेकांवर जास्त. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डेव्हिड ग्रेझियन ह्या समाजशास्त्रज्ञाचं फिलाडेल्फियातल्या नाइटलाइफवरचं काम आहे, २००७ च्या सुमाराचं. कॉलेजची मुलं घोळक्याने बाहेर पडतात, आधी खोलीवर पिऊन घेतात, कोण कोणाला मदत करणार, कोणी मुलीच्या मैत्रिणीला बोलण्यात गुंतवून ठेवायचं हे ठरवतात. ह्या शिकारीत यश जवळजवळ येतच नाही, आणि तरी पोरं दर आठवड्याला जातात, कारण खरा कार्यक्रम आपण मर्द आहोत हे मित्रांना दाखवायचा असतो.

दुसरं काम मानववंशशास्त्रज्ञ अ‍ॅन अ‍ॅलिसन ह्यांचं, टोकियोतलं. १९८१ मध्ये त्यांनी स्वतः एका होस्टेस क्लबात काम केलं. तिथे कंपन्या आपल्या पुरुष कर्मचाऱ्यांना आणि गिऱ्हाइकांना घेऊन येतात, बाई शेजारी बसून सिगारेट पेटवते, ग्लास भरते, त्यांच्या बढायांना दाद देते, आणि बिल कंपनी भरते. ही करमणूक म्हणजे कामाचाच भाग. टोकियोतली होस्टेस पगारी असते हा फरक आहेच.

सेल्समधली

आत्तापर्यंत नुसती वाचत होते पण टोकियोचं वाचून लिहावंसं वाटलं. मी वैद्यकीय उपकरणांच्या सेल्समध्ये आहे. आमच्याकडे मोठ्या गिऱ्हाइकाबरोबर डिनर असलं की रीजनल मॅनेजर हमखास म्हणतो, तू ये, टीममधली अजून कोणी मुलगी असेल तर तिला पण घे, टेबल जरा लाइव्हली राहतं. त्या अकाउंटशी माझा संबंध नसला तरी. मी जाते, ज्यूसचा ग्लास घेऊन साडेअकरापर्यंत बसते, तीच तीच टूरची फिशिंगची गोष्ट ऐकून हसते, आणि कोणाचा हात खुर्चीच्या पाठीवरून खांद्यावर यायला लागला की उठून फोन आल्यासारखं करते. घरी सासूबाई जाग्या असतात, त्या काही बोलत नाहीत, गॅसवर दूध ठेवतात. इन्सेंटिव्ह मिळतो तो ज्याचं अकाउंट आहे त्याला. अप्रेझलमध्ये मी विचारलं की ह्या संध्याकाळी कुठे धरल्या आहेत, तर मॅनेजर म्हणाला अगं ते काय काम आहे का, कंपनी जेवायला घालते तुला. नदीकाठ, तुमच्या लेखातलं वाक्य आणि हे वाक्य एकच आहे.

शब्दवेडी

सेल्समधली, अंगावर काटा आला. नाही म्हटलं तर काय होतं?

सेल्समधली

नाही म्हटलं तर सरळ कोणी काही करत नाही. पुढच्या वेळी बोलावत नाहीत. आधी बरं वाटलं मला. मग कळलं की नवीन हॉस्पिटलची बातमी, कोण परचेस कमिटीत आलंय, कोणाचं बजेट मार्चच्या आधी संपवायचंय हे सगळं त्याच टेबलावर बोललं जातं आणि मला ते दोन महिन्यांनी मेलवर समजतं. गेलं तर शोभेला, नाही गेलं तर अंधारात.

एकटा_जीव

ताई, हे वाचून एक प्रामाणिक प्रश्न. आमच्या टीममध्येही असं होतं, मी ज्युनिअरच आहे त्यात, मला ते आवडत नाही पण बोलता येत नाही. पुरुषांनी नेमकं काय करायचं? तुम्हाला बोलावूच नये म्हटलं तर तुम्ही म्हणता तसं तुमचंच नुकसान.

सेल्समधली

बोलवा, पण अकाउंटचं काम देऊन बोलवा. मी टेबलावर असेन तर बोलणी मी करेन, आणि ऑर्डर आली तर इन्सेंटिव्हच्या शीटवर माझं पण नाव. मीटिंग दुपारी जेवणाला ठेवता येते, डॉक्टर लोक येतात, मी स्वतः ठेवल्यात आणि ऑर्डरी आणल्यात. आणि गिऱ्हाईक हात ठेवायला लागलं की तुम्ही शेजारी बसलेले असता ना, तेव्हा बोला. मोबाइलमध्ये बघू नका.

आप्पा_सातारकर

पोरी, हे वाचलं. मी वर म्हणालो होतो की अभ्यास पैसेवाल्यांचा आहे. आमच्याकडे पतसंस्थेच्या, कारखान्याच्या बैठका झाल्या की रात्री ढाब्यावर जेवण असतं आणि ठराव खरं तर तिथेच होतात. संचालक मंडळावर राखीव जागेतून आलेल्या बायका असतात. त्यांना कोणी बोलावत नाही, त्या जातही नाहीत, सही मात्र दुसऱ्या दिवशी त्यांची घेतात. तुमच्याकडे शोभेला बसवतात, आमच्याकडे बाहेर ठेवतात.

नदीकाठ

आप्पा, ह्यावर तुम्ही वेगळा धागा काढा अशी विनंती. दारू पिणाऱ्यांच्या टेबलावर निर्णय होतात आणि बाई एकतर तिथे सजावटीला असते नाहीतर नसतेच, हे तुम्हाला जितकं जवळून माहितीये तितकं कुठल्या विद्यापीठाला माहीत नसेल. आणि सेल्समधली, अप्रेझलमध्ये पुढच्या वेळी विचाराल तेव्हा तोंडी नको. तारखा, गिऱ्हाइकाचं नाव, किती वाजता सुटलात, हे सगळं मेलवर लिहून ठेवा, जेवणाचं बिल कंपनी क्लायंट एक्स्पेन्स म्हणून लावते ते त्याच तारखेचं असतं. कंपनीच्याच हिशोबात ती संध्याकाळ कामाची म्हणून नोंदलेली आहे.

कायद्याचं_बोला

बरोबर. आणि खांद्यावरच्या हाताबद्दल: २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात कामाच्या निमित्ताने जिथे जावं लागतं ती जागाही कामाची जागा धरली आहे, गिऱ्हाइकाबरोबरचं डिनर त्यात येतं. छळ करणारा बाहेरचा असला तरी अंतर्गत समितीकडे जाता येतं, तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. काही मदत लागली तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.